खडकवासल्याचं पाणी, पुण्याची पेल एल

सकाळी साडेसहाला मुंढव्याच्या बाजूची ती मायक्रोब्रुअरी पुण्यातल्या कुठल्याही वर्कशॉपसारखीच दिसते. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी नुकतीच धुतलेली, काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या. ब्रुअर आत येतो, गमबूट चढवतो आणि सगळ्यात आधी नळाखाली ग्लास धरतो. फिल्टर झालेलं, अजून कशातही न मिसळलेलं पाणी तो तोंडात घोळवतो, थुंकतो, पुन्हा एक घोट घेतो. मग टीडीएस मीटर, मग पीएच, आणि मग वही. वहीत तारखेपुढचा पहिला रकाना पाण्याचा. माल्ट किती, हॉप्स कुठले, यीस्ट कितव्या पिढीचं, हे सगळं त्यानंतर.

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ठाऊक असणं वेगळं आणि रोज सकाळी आधी पाणी चाखणं वेगळं. या ब्रुअरला एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला दहाएक वर्षं लागली. त्यातली सहा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गेली, बाकीची पुण्यात. आणि वाटेत एकदा पाचशे लिटर बिअर गटारात ओतावी लागली.

तो सहकारनगरचा. इंजिनिअरिंग पुण्यात झालं आणि २००८ मध्ये नोकरीसाठी तो पोर्टलंडजवळ गेला. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने त्याला शनिवारी गॅरेजमध्ये बोलावलं. तिथे स्टीलचं मोठं पातेलं, सहलीला नेतात तसला बर्फाचा डबा, काचेचा एक बुधला आणि रबरी नळ्या, एवढाच संसार होता. संध्याकाळपर्यंत १९ लिटर पेल एल बुधल्यात जाऊन बसली. आठवड्याभराने तिच्यावरचा फेस ओसरला, तीन आठवड्यांनी बाटली उघडली आणि पपनसाच्या सालीसारखा वास खोलीभर पसरला. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःचं पातेलं घेतलं.

अमेरिकेत घरी बिअर करण्याला केंद्रीय कायद्याची परवानगी मिळाली ती १९७८ मध्ये. जिमी कार्टर यांनी सही केलेल्या त्या कायद्याने दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर बिअर घरच्यापुरती बनवायची मुभा दिली, विकायची नाही. त्या मुभेतून एक पिढीच्या पिढी उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती ब्रुइंगच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी डेअरीतल्या जुन्या टाक्या जमवल्या, एका जोडीदाराबरोबर सिएरा नेव्हाडा ब्रुअरी उभारली आणि १९८० मध्ये तिथे पेल एल शिजू लागली. तिच्यातले कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, १९७२ मध्ये बाहेर आले ते ओरेगनमधल्याच कॉरव्हॅलिसच्या कृषी संशोधनातून. पपनसाचा तो वास त्याच हॉप्सचा.

२०१० मध्ये आई तिथे राहायला गेली, तेव्हा तिने पिशवीतलं माल्ट चिमटीत धरलं, दाताखाली चावलं आणि म्हणाली, "अरे, हे तर मोड आणून भाजलेले जव आहेत. आपल्या नाचणीच्या सत्त्वासारखं."

तिने बरोबर ओळखलं होतं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की तिची गोडी वाढते आणि ती पचायला हलकी होते. जवाचंही तेच होतं. दाणा भिजतो, अंकुर फुटतो, आतली विकरं जागी होतात आणि मग उष्णतेने ती वाढ तिथेच थांबवतात. माल्ट भरडून ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं, म्हणजे मॅश केलं, की हीच विकरं पिठूळ भागाची साखर करतात. तापमान दोन-तीन अंशांनी खाली आलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त बनते आणि बिअर कोरडी लागते. वर गेलं तर ती अंगाने भरीव होते. साखर पुरती झाली का, हे पाहायला त्या रसाच्या थेंबावर आयोडीन टाकतात. निळा-काळा रंग आला तर पीठ शिल्लक आहे. सातवीच्या प्रयोगवहीत बटाट्याच्या कापावर केलेला तो प्रयोग परदेशातल्या गॅरेजमध्ये पुन्हा भेटला, याचा त्याला केवढा आनंद झाला होता.

माल्ट साडेचार किलो, त्यात थोडं गडद क्रिस्टल माल्ट, तासभर उकळी. उकळीच्या सुरुवातीला पडणारे हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी पडणारे वास. मग रस झटपट वीस अंशांवर आणायचा आणि यीस्टचं विरजण लावायचं. आईने हा शब्द वापरला आणि त्याच्या वहीत तो कायमचा राहिला. "विरजण" लिहून पुढे तारीख.

पहिल्या सात-आठ खेपांपैकी तीन बिघडल्या. एकीला दवाखान्यात येतो तसा औषधी वास होता. भांडी दोन-दोनदा धुतली, नळ्या बदलल्या, तरी पुढच्या खेपेला तोच वास. चूक भांड्यांत नव्हती. नळाचं पाणी निर्जंतुक करायला त्यात क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग घालतात. ते साध्या उकळीने सहज जात नाही आणि यीस्टने तयार केलेल्या द्रव्यांशी मिळून असला वास धरतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या गोळीचा एक तुकडा पातेल्यात टाकला की काही मिनिटांत प्रश्न मिटतो. हे त्याने आधी वाचायला हवं होतं. पाण्याकडे त्याने तोवर पाहिलंच नव्हतं.

मग पाहू लागला. पोर्टलंडला पाणी येतं ते माउंट हूडच्या बाजूच्या बुल रन नावाच्या राखीव जंगलातून. पाऊस आणि बर्फाचं ते पाणी इतकं मृदू की साबणाला भरपूर फेस येतो. तशा पाण्यात इंग्लिश धाटणीची पेल एल केली की ती बोथट लागायची. कडवटपणा असायचा, पण जिभेवर टोक नसायचं. सहकाऱ्याने एकदा पातेल्यात चमचाभर जिप्सम टाकायला सांगितलं. माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं तेच, आणि तरी बिअर वेगळी झाली. हॉप्सची कडवट चव स्वच्छ, कोरडी आणि धारदार झाली.

पेल एलचा इतिहास पाहिला तर त्या चमचाभर जिप्समचं मोल कळतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो इथल्या ब्रुअरीचे मालक जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरच्या कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर बिअर देत. जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला लागत. हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधलेली बिअर म्हणून इंडिया पेल एल, अशी गोष्ट अजूनही सांगितली जाते. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुने कागद तपासून ती खोडून काढली. मुरवत ठेवायची फिकट रंगाची बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. जहाजाच्या पोटातल्या हेलकाव्यांनी आणि उष्णतेने ती लवकर मुरली, एवढंच. काळी पोर्टरही त्याच जहाजांतून भरपूर येत होती.

१८२० च्या दशकात कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना हॉजसनच्या बिअरचा नमुना दाखवला आणि अशी बिअर तुम्ही कराल का, असं विचारलं. ऑलसॉप यांच्याकडच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. बर्टनची बिअर हॉजसनपेक्षा सरस ठरली. कारण गावाखालच्या विहिरींत होतं. तिथल्या पाण्यात जिप्सम मुळातच मुबलक. पुढे जगभरचे ब्रुअर आपापल्या पाण्यात जिप्सम घालू लागले आणि त्या कृतीला नावही त्या गावाचंच पडलं, बर्टनायझेशन.

त्या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला पुणं होतं. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात आणि खडकीत इंग्रजी छावण्या बसल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागण्याआधी मुंबई बंदरात उतरलेला माल घाट चढायचा तो बैलगाड्यांनी. त्याच छावण्यांना आणि शहराला पाणी मिळावं, कालव्याखाली शेती भिजावी, म्हणून १८७० च्या दशकात कर्नल फाइफ यांच्या आखणीनुसार मुठेवर खडकवासल्याचं धरण उभं राहिलं. त्याच्या जलाशयाचं इंग्रजी नाव लेक फाइफ. साता समुद्रांपलीकडून आलेली बिअर पिणाऱ्या छावणीच्या उशाशीच मृदू पाण्याचं तळं भरलं होतं.

२०१४ मध्ये तो पुण्याला परतला. पातेलं, बुधला, डबा सगळं मित्रांना देऊन आला. बरोबर आणल्या त्या सहा वह्या आणि एक हायड्रोमीटर. घरी बिअर करायचा विचारही त्याने केला नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते घरच्या चार माणसांसाठी का असेना. मद्य बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो; परमिट रूम या शब्दातलं परमिट ते हेच. बिअरसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. ज्याला बिअर करायची आहे त्याने परवाना असलेल्या जागी जाऊन करावी, एवढा एकच रस्ता होता आणि सुदैवाने पुण्यात तो पाच वर्षांपूर्वीच खुला झाला होता.

२००९ मध्ये उंड्रीच्या बाजूला कोरिंथियन्स क्लबात डूलाली सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिची गणना होते. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली आणि ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरने तिथे बिअर बनवली. नाव आलं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने अडकलेल्या गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला डूलाली म्हणू लागले. पुणेकरांनी तोवर बिअर पाहिली होती ती बाटलीतली, थंडगार लागर. लागर कमी तापमानात सावकाश आंबते. एल अठरा ते बावीस अंशांवर आंबते, यीस्ट वर फेस धरतं आणि फळांचे, मसाल्याचे वास मागे ठेवतं. गढूळ दिसणारी, ताजी, गाळून पारदर्शक न केलेली बिअर पाहून सुरुवातीला लोक ग्लास परत करत, असं जुने वेटर सांगतात.

परतल्यावरच्या पहिल्या वर्षात त्याने रविवार वाटून घेतले. कोरेगाव पार्कात मनू गुलाटी यांची एफिंगट, मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी. दोन्ही २०१४ च्या. मग मुंबईत लोअर परळची बार्किंग डिअर. पुढे नकुल भोसले यांच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम घातलेली एल काढली, तेव्हा तो पहिल्याच आठवड्यात जाऊन आला. कोकणातल्या सोलकढीचा आंबट-खारट सूर बिअरमध्ये इतका चपखल बसेल, असं त्याला वाटलं नव्हतं. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी मूनशाइन नावाने मध आंबवून मीड बनवायला घेतलं, तेही पुण्यातच. ज्या शहरात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तिथे मधाचं पेय जन्माला यावं हे योग्यच झालं.

प्रत्येक ठिकाणी तो अर्धाच ग्लास मागवायचा, काचेला नाक लावून टाक्या पाहायचा आणि ब्रुअर दिसला की विचारायचा, "पाणी कुठलं वापरता?" काहीजण चकित होत. लोक हॉप्स विचारतात, टक्के विचारतात. एका ब्रुअरने मात्र उत्तर न देता त्याला आत नेलं आणि आरओच्या मशिनसमोर उभं केलं. त्या संध्याकाळी दोघं दीड तास बोलले आणि निघताना त्याला नोकरी मिळाली होती. पगार आधीच्या नोकरीच्या एक तृतीयांश.

पहिले आठ महिने त्याने जवळजवळ फक्त धुलाई केली. कॉस्टिक सोड्याचं गरम द्रावण टाकीत फिरवायचं, पाण्याने काढायचं, आम्ल फिरवायचं, पुन्हा पाणी, मग जंतुनाशक. झडपा उघडून रबरी वायसर काढायचे, ब्रशने घासायचे. केग धुवायचे. एका लिटर बिअरमागे छोट्या ब्रुअरीत पाच ते सात लिटर पाणी खर्च होतं, आणि त्यातलं बहुतेक या धुलाईत. हा आकडा त्याने घरी सांगितला तेव्हा आई गप्प झाली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि शनिवार पेठेत राहत होती. आधी पुराने घर गेलं आणि मग धरणंच उरली नाहीत म्हणून शहर पाण्याला मोताद झालं. "वापर, पण वाया घालवू नकोस," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर त्याने मालकांच्या मागे लागून एक टाकी बसवून घेतली. उकळता रस थंड करताना जे पाणी गरम होऊन बाहेर पडतं, ते तिच्यात साठवायचं आणि पुढच्या खेपेला, धुलाईला वापरायचं.

रस थंड करणारं ते यंत्र म्हणजे स्टीलच्या पातळ पत्र्यांची चळत. एका बाजूने गरम रस, दुसऱ्या बाजूने गार पाणी. दापोडीत अल्फा लावलचा कारखाना अशीच यंत्रं करतो. पुण्याच्या कामगाराला ती नवी नाहीत. शहराकडे या नजरेने पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. आंबवण्याची विद्या पुण्यात बिअरच्या कितीतरी आधी रुजलेली आहे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि बुरशी आंबवून पेनिसिलिन काढू लागली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यीस्टचे कित्येक वाण तिथे जपून ठेवलेले आहेत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या मळीपासून मद्यार्क करण्याचं तंत्र शिकवलं जातं. प्राजसारखी कंपनी आंबवणीचे कारखाने उभे करून देते. टाकी वेल्ड करताना आतला सांधा आरशासारखा गुळगुळीत का हवा, हे इथल्या फॅब्रिकेटरला समजावून सांगावं लागत नाही. खरखरीत सांध्यात जंतू घर करतात, हे तो औषधांच्या आणि डेअरीच्या टाक्या करताना शिकलेला असतो.

ब्रुअरीतले काका त्याच परंपरेतले. पिंपरीच्या पट्ट्यात आयुष्यभर बॉयलर आणि टाक्या सांभाळून निवृत्त झालेले, स्वतः थेंबही न घेणारे. टाकीला कान लावून पंप बिघडलाय का हे सांगणारे. "सर, यीस्टला रागावलेलं चालत नाही," असं ते म्हणत. त्यांचा अर्थ तापमानाशी होता. आंबताना टाकी आतून तापत जाते. पुण्याच्या एप्रिलमध्ये बाहेर अडतीस-चाळीस अंश असताना चिलर तासभर बंद पडला तर आतला पारा पंचविशीकडे सरकतो आणि बिअरमध्ये जळजळीत, डोकं धरणारी मद्यं तयार होतात. वीज गेली की जनरेटरकडे धावणारे पहिले काका असत.

तो एप्रिल त्याला विसरता येत नाही. शहरात पाणीकपात सुरू होती आणि ब्रुअरी टँकरवर चालली होती. आरओचं मशीन ताण न सोसून कुरकुरत होतं. शनिवार-रविवारसाठी पेल एल संपत आलेली. त्याने टँकरचं पाणी फक्त कार्बनच्या फिल्टरमधून काढलं आणि खेप लावली. टीडीएस पाहिला नाही, मॅशचा पीएच पाहिला नाही. रोजचंच काम होतं, हात सरावलेले होते.

टँकरमधलं, दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं बोअरचं पाणी धरणाच्या पाण्यासारखं नसतं. त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि ते मॅशचा पीएच खाली उतरू देत नाही. पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. तो वर राहिला की विकरं आळसावतात आणि गरम पाण्याने चोथा धुताना सालीतला तुरटपणा रसात उतरतो. तीन आठवड्यांनी नमुना काढला तेव्हा जीभ आकसली. कच्चं केळं चावल्यासारखं. हॉप्सचा कडवटपणा होता, पण तो घशात अडकून बसणारा.

काहीतरी मिसळून, आणखी हॉप्स घालून ती खेप विकता आली असती. मालकांनी तसं विचारलंही, आग्रह मात्र केला नाही. त्याने नकार दिला. उत्पादन शुल्काच्या वहीत प्रत्येक लिटरचा हिशेब असतो, त्यामुळे रीतसर नोंदी झाल्या आणि मग झडप उघडली. पाचशे लिटर जायला फार वेळ लागत नाही. काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "पाण्याचा दोष नाही हो सर. ते होतं तसंच आलं." त्या वाक्यात दटावणी नव्हती, पण त्याला ती लागली. घरच्या १९ लिटरच्या खेपेला जो माणूस गोळीचा तुकडा मोजून टाकायचा, त्याने पाचशे लिटरला साधी पट्टी बुडवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहीतले रकाने बदलले. पाणी पहिलं आलं. आरओचं पाणी आणि नळाचं पाणी किती प्रमाणात मिसळायचं, हे तेव्हापासून रोजच्या मोजणीवर ठरतं. पावसाळा संपल्यावर, धरणं भरलेली असताना, नळाचं पाणी जवळजवळ तसंच वापरता येतं. थोडं जिप्सम, गरज पडली तर थोडं लॅक्टिक आम्ल. उन्हाळ्यात आरओचा वाटा वाढतो. जुलैत नदीला गढूळ लोंढा येतो, शुद्धीकरणाची मात्रा वाढते, तेव्हा क्लोरीनकडे लक्ष ठेवावं लागतं.

पाण्याबरोबर बाकीच्या गोष्टीही पुण्याच्या होत गेल्या. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे हॉप्समधून कडवटपणा किंचित कमी उतरतो; तेवढे हॉप्स वाढवले. आधी सगळं माल्ट जर्मनीहून यायचं. राजस्थान-हरियाणातल्या जवाचं माल्ट त्याने हळूहळू मिसळून पाहिलं. आपला जव बहुतांशी सहा ओळींच्या कणसाचा. दाण्यात प्रथिनं जास्त, साल जाड. रस जरा धूसर होतो, पण जाड सालीमुळे चोथ्याचा थर मोकळा राहतो आणि गाळण छान होते. आज त्याच्या पेल एलमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट देशी आहे. हॉप्स मात्र अजून बाहेरचेच. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात थोडे हॉप्स पिकतात. उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागणाऱ्या या वेलीला दख्खनचं आकाश मानवत नाही.

हजार लिटरच्या खेपेला सुमारे दोनशे किलो माल्ट लागतं. सकाळी अकराच्या सुमारास मॅशची टाकी रिकामी होते आणि मागच्या दारी मांजरीकडच्या गोठ्याचा टेम्पो उभा असतो. ओला, वाफाळता चोथा पिंपांत भरला जातो. साखर बिअरमध्ये गेलेली, प्रथिनं आणि कोंडा मागे उरलेला. म्हशी त्याच्यावर तुटून पडतात, असं गोठेवाले अण्णा सांगतात. उन्हाळ्यात चोथा चार-सहा तासांत आंबतो, म्हणून ते वेळेआधीच येतात. एकदा त्यांनी दुधाची किटली आणून दिली. आईने त्याचं दही लावलं आणि त्या दिवशी वहीच्या समासात त्याने लिहिलं, विरजण, घरी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळं थांबलं. टाक्यांत बिअर होती आणि प्यायला कुणी नव्हतं. ताजी, न पाश्चरलेली बिअर महिनोन्‌महिने टिकत नाही. सरकारने मायक्रोब्रुअरींना बाटल्या-बरण्यांत भरून ताजी बिअर विकायची परवानगी दिली, तेव्हा दारापुढे अंतर राखून रांग लागली. त्या रांगेतल्या एका मध्यमवयीन गृहस्थांनी बरणी उजेडात धरून विचारलं होतं, "किती दिवसांत संपवायची?" त्याने सांगितलं, दोन-तीन दिवसांत, फ्रिजमध्ये ठेवून. "म्हणजे दुधासारखी," ते म्हणाले. त्याला ते फार आवडलं. दोनशे वर्षांपूर्वी ही बिअर सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून इथल्या छावणीत यायची. आता ती इथल्या पाण्याची आहे आणि डेक्कनपर्यंत नेतानाही गार ठेवावी लागते.

अनंत चतुर्दशीला पुण्यात ड्राय डे. टॅप बंद, खुर्च्या उलट्या, काउंटरवर कापड. यीस्टला सुट्टी नसते, म्हणून तो दुपारी रस्ते चुकवत, लांबचा वळसा घेत ब्रुअरीत पोचतो. विसर्जनाच्या आधी लावलेली खेप चौथ्या दिवसात आहे. टाकीतून निघालेली नळी बादलीतल्या पाण्यात सोडलेली. तिच्यातून बुडबुडे एका लयीत येतात. तापमान १९. तो नमुना काढतो, त्याच जुन्या हायड्रोमीटरने घनता मोजतो, १.०१८. आणखी दोन दिवस. लांबून ढोलांचा आवाज येतो आहे. यंदा धरणं पूर्ण भरली आहेत, मुठेत पाणी सोडलं आहे.

तो वही मिटतो, नळाखाली ग्लास धरतो आणि या वेळी सगळा ग्लास पिऊन टाकतो.